दहा दिवसांचे मिशनरी

जून-जुलैत ह्यूस्टन किंवा मायामीहून होंडुरासला निघालेल्या विमानात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेला घोळका हमखास भेटतो. पोपटी, नारिंगी, गडद निळा. विमानतळाच्या गर्दीत कुणी चुकू नये म्हणून मुद्दाम उठून दिसणारा रंग. पाठीवर चर्चचं नाव, बायबलमधल्या एखाद्या वचनाचा अध्याय आणि ओळ, खाली साल. पुढे पन्नाशीकडे झुकलेला पाळक, मध्ये कॉलेजातली आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरची पोरंपोरी, मागे एखादा निवृत्त सुतार, एखादी परिचारिका. बॅगांत स्वतःचे कपडे बेताचेच. बाकी फुगे, रंगीत खडू, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, जंताच्या गोळ्या, वापरलेले चष्मे, हवा काढून चपटे केलेले फुटबॉल आणि त्यांचा पंप.

दहा दिवसांनी हाच घोळका उन्हानं लाल होऊन परततो. टी-शर्टवर सिमेंट वाळलेलं असतं आणि फोनमध्ये शे-दोनशे फोटो असतात. त्यातल्या निम्म्यांत एखादं सावळं, हसरं मूल कडेवर असतं.

याला अमेरिकी चर्चच्या बोलीत 'शॉर्ट-टर्म मिशन ट्रिप' म्हणतात. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही 'मिशन ट्रिप' हाच शब्द चालतो, तेव्हा आपणही तोच वापरू. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असा अंदाज दिला, की अमेरिकी चर्चचे सुमारे १६ लाख सभासद दरवर्षी अशा सहलीवर परदेशी जातात. मेक्सिको, होंडुरास, ग्वाटेमाला, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक ही जवळची ठिकाणं. त्यापलीकडे केनिया, युगांडा, कंबोडिया, फिलिपिन्स, भारत. एवढी माणसं, एवढा पैसा, एवढा निखळ सद्हेतू दरवर्षी जगभर फिरतो, आणि तरी याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही.

आधी पैशाचं पाहू, कारण सगळ्याचा उगम तिथे आहे. माणशी दीड ते अडीच हजार डॉलर सहज लागतात, आणि सतरा वर्षांच्या मुलीकडे ते नसतात. मग ती पत्र लिहिते. मावशी, काका, शेजारी, दातांचे डॉक्टर, जुन्या शिक्षिका. पत्राचा साचा ठरलेला असतो: देवानं मला या उन्हाळ्यात अमुक देशात बोलावलं आहे, आपण आर्थिक साथ द्याल का, तेही जमत नसेल तर प्रार्थना करा. शिवाय रविवारी चर्चच्या आवारात गाड्या धुणं, घरचे केक-बिस्किटं विकणं. वर्गणी मागण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन आपणही दारोदार हिंडलो आहोत. फरक एवढाच, की तिथे पावती चर्चच्या नावानं फाटते आणि देणाऱ्याला आयकरात सवलत मिळू शकते. ज्या मावशीनं होंडुरासमधल्या सिमेंटसाठी दहा डॉलरही काढले नसते, ती भाचीच्या विमानतिकिटासाठी शंभर डॉलर हसत देते. हे वाक्य वाचकानं लक्षात ठेवावं. पुढचं सगळं गणित याच मावशीपाशी अडतं.

तिथे पोचल्यावर काय करतात? दहा दिवसांतले दोन प्रवासात जातात. एक रविवार असतो. शेवटी एखादा दिवस समुद्रकिनारी किंवा बाजारात. त्याला 'अनुभवांवर चिंतन' म्हणतात, आणि चिंतन होतही असेल. हातात खरे पाच-सहा दिवस उरतात. सकाळी बांधकाम: सिमेंटचे ठोकळे हातोहात पुढे सरकवायचे, वाळू चाळायची, फावड्यानं माल कालवायचा, भिंत रंगवायची. दुपारी मुलांसाठी 'व्हीबीएस', म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा: गाणी, बाहुल्यांचं नाटक, चेहऱ्यावर रंगवलेली फुलपाखरं, फुग्याचे कुत्रे. संध्याकाळी स्थानिक मंडळीत प्रार्थना, दुभाष्यामार्फत एक-दोन साक्षी, म्हणजे आपल्या श्रद्धेचे अनुभव. रात्री पाहुणे गोल बसून दिवसभरात मनाला काय लागलं ते एकमेकांना सांगतात, आणि कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी येतंच.

या घोळक्यामागे आणखी काही माणसं असतात. ती फोटोत नसतात. पहाटे चारला उठून वीस जणांसाठी उकळलेल्या पाण्याची आणि कमी तिखट जेवणाची सोय करणाऱ्या मंडळीतल्या बाया. स्वतःची कामं बाजूला ठेवून आठवडाभर व्हॅन चालवणारा पाळक. आणि तो गवंडी, जो दिवसा पाहुण्यांना ठोकळे रचू देतो आणि ते जेवायला गेले की ओळंबा लावून वाकडी ओळ गुपचूप सरळ करतो.

या गवंड्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण मी त्याला ओळखतो. होंडुरासचा नव्हे, आपल्याकडचा. कॉलेजात असताना एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही साठ पोरांनी एका ओढ्यावर दगडमातीचा बंधारा घातला. गावातले एक म्हातारबुवा रोज येऊन कडेला उकिडवे बसत, बघत, काही बोलत नसत. शेवटच्या दिवशी आम्ही पोवाडा म्हटला, सरपंचांनी नारळ दिले. बंधारा पहिल्या वळवाच्या पावसात गेला. नंतर कळलं, म्हातारबुवांना तो कुठे घालायला हवा होता ते ठाऊक होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते अमेरिकी पोरांना हसण्यासाठी नाही.

*

मिशनरी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येणारं चित्र वेगळं आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्यानं 'क्रिस्तपुराण' रचलं. अमेरिकेतून आलेले पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. त्यांना पाठवणारं बोर्ड १८१० मध्ये स्थापन झालं होतं, आणि त्याची मुळं १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीआड केलेल्या प्रार्थनेत होती. कंपनी सरकारनं हॉल आणि नॉट यांना परत धाडायचा बराच प्रयत्न केला. हॉल राहिले, मराठी शिकले, नव्या कराराच्या भाषांतरात खपले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. मुलींच्या शाळा काढत त्या अहमदनगरला गेल्या. जोतीराव फुल्यांनी पाहिलेल्या शाळा त्यांच्याच. १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या. या मंडळींच्या हेतूंवर, धर्मांतरावर, साम्राज्याशी असलेल्या नात्यावर वाद घालता येतो आणि घालावाही. पण ती राहायला आली होती. भाषा शिकल्याशिवाय त्यांचं पानही हलत नव्हतं, आणि इथल्या माणसांनी त्यांना नाही म्हटलं तर ते त्यांना समजत होतं.

आयुष्याचे दहा दिवस कसे झाले? जेट विमानानं झाले, आणि सुट्टीनं. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला तरुण दोन मित्रांना घेऊन पुस्तकं भरलेल्या ट्रकमधून मेक्सिकोला गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' उभं राहिलं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' सुरू केली. धर्मशास्त्राची पदवी नसलेल्या पोरांनाही थोड्या काळासाठी पाठवता येईल, हा त्यांचा विचार तेव्हा नवा होता. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी 'पीस कोअर' ही परदेशी सेवेची सरकारी योजना काढली, तिला धर्माशी देणंघेणं नव्हतं. पण परदेशी जाऊन सेवा करणं ही तरुणपणातली एक पायरी आहे, ही कल्पना अमेरिकी घराघरांत तिनं रुजवली. पीस कोअरची मुदत दोन वर्षांची होती. चर्चच्या सहली आक्रसत उन्हाळ्यावर, मग दोन आठवड्यांवर, मग वसंतातल्या आठवडाभराच्या सुट्टीवर आल्या.

आक्रसताना एक गोष्ट बदलली आणि ती कुणी मोठ्यानं बोललं नाही. पूर्वी 'तिथल्या लोकांचं काय होईल' हा प्रश्न पुढे होता. आता 'आमच्या मुलांचं काय होईल' हा पुढे आला. पोरांचा विश्वास दृढ होईल, डोळे उघडतील, उपभोगाची हाव कमी होईल, परतल्यावर ती जास्त दान देतील, कदाचित एखादं आयुष्यभरासाठी मिशनरी होईल. असं काही होतं का, हे कुणीतरी मोजायला हवं होतं.

*

ते मोजायची संधी एका वादळानं दिली. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर 'मिच' हे चक्रीवादळ होंडुरासवर येऊन थबकलं आणि दिवसचे दिवस पाऊस ओतत राहिलं. डोंगर घसरले, नद्यांनी वस्त्या नेल्या. होंडुरासमध्ये हजारो माणसं मेली, लाखो बेघर झाली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चनी मन लावून मदत केली. पैसे आले, आणि पैशांबरोबर माणसंही आली, घरं बांधायला.

कर्ट व्हर बीक हे मिशिगनच्या कॅल्व्हिन कॉलेजातले समाजशास्त्रज्ञ तेव्हा होंडुरासमध्येच राहत होते. त्यांच्या लक्षात आलं, की न मागता एक प्रयोग मांडला गेला आहे. तीच वादळग्रस्त कुटुंबं आणि तशीच घरं. त्यातली काही परदेशी चर्चच्या गटांनी राबून बांधलेली, काही होंडुरासच्याच ख्रिस्ती संस्थांनी स्थानिक हातांनी बांधलेली. काही वर्षं गेल्यावर दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्यांकडे जाऊन विचारलं तर? त्यांनी ७८ होंडुरन कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि येऊन गेलेल्या १२७ उत्तर अमेरिकी पाहुण्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीनं, घर कुणी बांधलं यानं काहीच फरक पडला नव्हता. त्यांच्या श्रद्धेत नाही, शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांत नाही, घराच्या देखभालीतही नाही. घर मिळालं याचं समाधान दोन्हीकडे सारखंच. ज्यांच्याकडे परदेशी येऊन गेले त्यांना ते आवडले होते, नावंही काहींना आठवत होती. पण एक घर बांधायला सुमारे २ हजार डॉलर लागत होते, आणि एका गटाच्या प्रवासाचा खर्च सरासरी ३० हजार डॉलर होता. भागाकार वाचकानं स्वतः करावा. हा भागाकार तिथल्या माणसांनीही केलेला होता. पाहुणे आले ते बरंच झालं, पण तेच पैसे पाठवले असते तर आणखी किती घरं झाली असती, आणि आमच्या माणसांना मजुरी मिळाली असती, असं सांगणारे त्यांच्यात होते.

आता मावशीकडे परत येऊ. सहलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं खरं उत्तर तीच आहे. सहल नसती तर ते ३० हजार डॉलर होंडुरासला गेलेच नसते. ते भाचीच्या प्रेमापोटी निघाले होते, सिमेंटच्या नव्हे. हे खरं आहे, आणि स्थानिक पाळकांनाही ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ते गट बोलावतात, व्हॅन चालवतात, आणि गवंड्याला सांगतात, पोरांना रचू दे दोन ओळी. पाहुणा भिंत बांधून देतो म्हणून त्याला बोलावत नाहीत. परतल्यावर तो आपल्याला विसरणार नाही, या आशेनं बोलावतात.

मग तो विसरतो की नाही? व्हर बीक यांनी हेही पाहिलं. सहलीवरून आलेल्यांपैकी पुष्कळांनी लिहिलं, की आपण बदललो, जास्त प्रार्थना करतो, जास्त देतो. पण ज्या संस्थेमार्फत ते गेले होते तिच्या हिशेबवह्या उघडल्यावर देणग्यांत या भावनेला साजेशी वाढ दिसेना. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. व्हर बीक यांनी यासाठी रोपट्याचं उदाहरण दिलं आहे: कोवळं रोप हातानं वाकवलं तर वाकतं, हात काढला की पुन्हा उभं राहतं. वाकलेलं ठेवायचं तर खुंट्या ठोकून काही महिने बांधून ठेवावं लागतं. सहलीच्या आधी आणि नंतर या खुंट्या कुणी ठोकलेल्या नसतात.

यावरून आठवण होते ती चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या उन्हाळी छावणीची. तिथेही पोरं सुट्टीत येतात, घमेली वाहतात, घाम गाळतात, रात्री गाणी म्हणतात आणि आठवड्याभरानं परत जातात. पण तिचं नाव आहे श्रमसंस्कार छावणी. संस्कार कुणावर होणार आहे, हे नावातच कबूल केलेलं आहे. छावणीला आलेली पोरं आपण सोमनाथचा उद्धार करायला आलो असं म्हणत नाहीत, आणि वारकरी पंढरपूरची सुधारणा करायला चाललो म्हणत नाही. मिशन ट्रिपचा निम्मा घोटाळा तिच्या नावात आहे.

*

हा घोटाळा फार आधी आणि फार कडवट शब्दांत मांडला तो एका कॅथलिक धर्मगुरूनंच. व्हिएन्नात जन्मलेले इव्हान इलिच मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरात एक केंद्र चालवत. लॅटिन अमेरिकेत कामाला येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांना तिथे स्पॅनिश शिकवत, आणि खरं तर त्यांतल्या पुष्कळांना परत पाठवण्याचा प्रयत्न करत. २० एप्रिल १९६८ रोजी उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्यांना भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी यजमानांची जराही भीड न ठेवता सांगितलं, की तुमच्या सद्हेतूचा आम्हाला उपयोग नाही. ज्या खेड्याची भाषा तुम्हाला येत नाही, तिथे तुम्ही काय करता आहात आणि लोक तुमच्याबद्दल काय म्हणताहेत, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. सेवाच करायची तर आपल्या शहरातल्या गरिबांत करा, तिथला माणूस निदान तुम्हाला कळेल अशा भाषेत चालते व्हा म्हणू शकेल. मेक्सिकोला जरूर या: डोंगर चढायला या, फुलं बघायला या, शिकायला या. मदत करायला तेवढं येऊ नका.

इलिच अतिरेकी होते, हे मान्य. त्यांच्या भाषणात तिथल्या पाळकाला, त्या स्वयंपाक करणाऱ्या बायांना स्वतःचं मत असलेली माणसं म्हणून फारशी जागा नाही. तीही हिशेबी असतात, पाहुण्यांचा उपयोग करून घेतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण भाषेबद्दलचा त्यांचा मुद्दा मला अजून कुणी खोडून काढलेला दिसला नाही. आमच्या शिबिरात तर भाषाही एकच होती, आणि तरी म्हातारबुवा गप्प बसले. अमेरिकी लेखक रॉबर्ट लुप्टन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मेक्सिकोतल्या एका चर्चची हकिकत दिली आहे. एकाच उन्हाळ्यात सहा गट आले आणि सहाही गटांनी ते चर्च रंगवलं. यजमानांना रंग नको होता असं नाही. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

भिंत सहा वेळा रंगली तर नुकसान रंगाचं. मुलांच्या बाबतीत ते तेवढ्यावर थांबत नाही, आणि इथे मी सौम्य लिहू शकत नाही. अनाथालयाची भेट हा अशा सहलींचा सर्वांत लाडका कार्यक्रम. मूल धावत येऊन अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतं, पाहुणा विरघळतो. वास्तविक घरात वाढलेलं मूल अनोळखी माणसाच्या गळ्यात असं पडत नाही. ते आईच्या पदराआड लपतं. आठवड्याला नवी माणसं येतात, जीव लावतात आणि निघून जातात, अशा ठिकाणी मूल जे शिकतं ते हे गळ्यात पडणं. शिवाय ती मुलं बहुतेकदा अनाथ नसतातच. जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचपैकी चार मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, असं 'सेव्ह द चिल्ड्रन'नं २००९ मध्ये लिहिलं. गरिबीनं, शाळेच्या आशेनं त्यांना तिथे ठेवलेलं असतं. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. मुलं अनाथ होण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, पाहुणे वाढले होते.

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. महिनाअखेरीस मुख्यतः आयडाहो राज्यातून आलेल्या बॅप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना सरहद्दीवर अटक झाली. ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय बसमध्ये बसवून ते डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत होते. चौकशीत निघालं, की बहुतेक मुलांचे पालक जिवंत होते. चांगलं शिक्षण मिळेल या भरवशावर त्यांनी मुलं स्वाधीन केली होती. त्या दहांपैकी कुणी मुलं विकणारा नव्हता. आपण देवाचं काम करतो आहोत, मग परवानगी कुणाला मागायची, असं त्यांना मनापासून वाटत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयातल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली.

औषधांच्या शिबिरांचंही थोडक्यात सांगतो. फाटलेला ओठ शिवणारे, मोतीबिंदू काढणारे कुशल गट, जे दरवर्षी त्याच रुग्णालयात येतात आणि मागे तपासणीची सोय ठेवतात, त्यांचं काम मोलाचं आहे. पण शाळेच्या खोलीत टेबलं मांडून रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या वाटल्या, तर एकतिसाव्या दिवशी काय? ते सांगायला तिथे कुणी उरलेलं नसतं.

*

हा सगळा अमेरिकेचाच प्रकार आहे असं समजू नये. दक्षिण कोरियाच्या चर्चनीही जगभर माणसं पाठवली, इतकी की अमेरिकेखालोखाल त्यांचाच नंबर लागे. जुलै २००७ मध्ये सोलजवळच्या बुंदांगमधल्या एका चर्चचे लोक अफगाणिस्तानात गेले. १९ जुलैला काबूल-कंदाहार रस्त्यावर गझनी प्रांतात तालिबाननं त्यांची बस अडवली आणि २३ कोरियन ओलीस धरले, १६ बाया आणि ७ पुरुष. त्यांचे पाळक बे ह्योंग-ग्यू यांना त्यांच्या वाढदिवशी गोळ्या घातल्या. पाच-सहा दिवसांनी आणखी एकाला, शिम सोंग-मिन या २९ वर्षांच्या तरुणाला, मारलं. उरलेले ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. त्यासाठी अफगाणिस्तानातलं आपलं सुमारे २०० जणांचं सैन्य वर्षअखेर परत नेण्याचं आणि तिथे मिशनरी पाठवणं थांबवण्याचं आश्वासन कोरियन सरकारला द्यावं लागलं. मायदेशी सहानुभूतीबरोबर रागही उसळला. निघण्यापूर्वी विमानतळावर काढलेला त्यांचा एक फोटो सगळीकडे फिरला: हसरे चेहरे, आणि शेजारी अफगाणिस्तानात जाऊ नका असा सरकारी सूचनाफलक.

भारतात येणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे, कागदाचा. पर्यटक व्हिसावर इथे धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. 'ताजमहाल बघायला आलो' असं अर्जात लिहून खेड्यातल्या सभेत साक्ष देणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी विमानात बसतो. चौकशीला सामोरा जातो तो बोलावणारा स्थानिक पाळक. अशा पाहुण्याला बोलावण्याआधी आपल्याकडच्या मंडळ्यांनी दहादा विचार करावा.

सहली बंद कराव्यात का? माझं मत विचाराल तर नाही. नाव बदलावं, आणि हिशेब उलटा मांडावा. हे अमेरिकी चर्चमधल्या विचारी लोकांनाही पटू लागलं आहे. २००३ मध्ये तिथल्या काही संस्थांनी अशा सहलींसाठी सात कसोट्या ठरवल्या; यजमानांशी खरी भागीदारी आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा त्यांत आहेत. पण मी कसोट्यांपेक्षा साध्या गोष्टी बघतो. गट वर्षानुवर्षं त्याच गावी जातो का? निदान नमस्कार-चमत्कारापुरती तिथली भाषा शिकतो का? कामाचा मुकादम तिथला गवंडी आहे का, आणि पोरं त्याच्या हाताखाली मजूर आहेत का? होंडुरासच्या मंडळीतल्या चार जणांना कधी ह्यूस्टनला बोलावून, महिनाभर घरात ठेवून, तुमच्या चर्चमध्ये काय चुकतंय ते सांगा असं म्हटलं आहे का? पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. जिथून मिशनरी येत त्या देशाला एका मराठी बाईनं निरखून पाहिलं होतं. अशा उलट दिशेच्या सहली आज फारच थोड्या निघतात. व्हिसाही मिळत नाही म्हणा.

आणि व्हर बीक? १९९८ मध्ये, मिच आलं त्याच वर्षी, त्यांनी एका होंडुरन मित्राबरोबर तेगुसिगाल्पा या राजधानीच्या कडेला नुएवा सुयापा या गरीब वस्तीत एक संस्था काढली. ती घरं बांधत नाही. गरिबांच्या जमिनीची कागदपत्रं, रखवालदार आणि सफाई कामगारांची बुडवलेली मजुरी, खुनांचे रखडलेले तपास, शिक्षक वर्गात येतात की नाही याची मोजदाद, अशी दहा दिवसांत न होणारी कामं ती करत आली आहे. डिसेंबर २००६ मध्ये संस्थेच्या एका वकिलाला भर रस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आलं. तो कामगारांचे खटले चालवत होता. काम थांबलं नाही. व्हर बीक आणि त्यांच्या पत्नीनं घरही त्याच वस्तीत केलं. संस्थेचे बहुतेक कर्मचारी होंडुरासचेच आहेत.